तक्रारी तीन, आरोपी मात्र एकच हब

वाचकाचे पत्र, थोडक्यात: साताऱ्याहून एका वाचकाने लिहिले आहे. वय ४७, वजन ८८ किलो, नोकरी बैठी. तीन वर्षांपूर्वी ५८,००० रुपयांना रिम ब्रेकची रोड बाइक घेतली. मागे नऊ गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच), शिमानो या जपानी कंपनीच्या पद्धतीचे कप-कोनचे, म्हणजे वाटी आणि शंकूच्या मधे सुटे छर्रे फिरणारे, साधे हब (चाकाच्या मध्यावरचा भाग), चाके कारखान्यातून आली तीच. आठवड्यातून तीन सकाळी यवतेश्वरचा घाट, कधी पुढे कासपर्यंत, पावसाळ्यातही. आजवर सुमारे ११,००० किलोमीटर झाले. यंदा २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीत, उतरायचे आहे. मागच्या चाकाने मात्र तीन प्रकारे छळले आहे. पावसाळ्यापासून खरखर येते. दिवाळीपासून चढावर जोर लावताना, विशेषतः पहाटेच्या थंडीत, पाय एकदम पोकळीत जातो. शिवाय चार महिन्यांत कॅसेटच्या बाजूचे तीन स्पोक तुटले. गणपतीच्या सुमारास एका दुकानात चाक धुऊन ‘भरपूर ग्रीस भरून’ घेतले, तरी खरखर गेली नाही. आता एका मोठ्या दुकानाने नामांकित स्विस हब घालून दोन्ही चाके बांधून देण्याचे ४२,००० रुपये सांगितले आहेत, सायकल-ग्रुपमधील मित्राच्या मते तैवानी हब घालून मागचे चाक ९,००० मध्ये होईल, आणि नेहमीचा मेकॅनिक म्हणतो की आहे तसलाच हब ३,००० मध्ये टाकू. वाचक विचारतात: “एकदाच चांगले घ्यावे म्हणजे आयुष्यभर बघायला नको, असे वाटते, पण सायकलच्या किमतीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम हबांवर घालणे हा वेडेपणा आहे का? दोन-तीन वर्षांनी डिस्क ब्रेकची सायकल घ्यायची आहे. मग या चाकांचे काय करायचे?”

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटली ती किमतीची नाही. पाय पोकळीत जाण्याची तक्रार दूर होईपर्यंत सॅडलवरून उठून पायडल मारू नका. उभे राहून सगळा भार एका पायावर टाकलेला असताना फ्रीहब, म्हणजे पायडलचा जोर मागच्या चाकाला देणारा भाग, सुटला, तर माणूस हँडलवर आदळतो, आणि यवतेश्वरच्या वळणावर मागून येणाऱ्या गाडीला ते कळायला वेळ नसतो. चढ बसून चढा, हलका गिअर वापरा, आणि हे काम या आठवड्यातच करून घ्या. ४२,००० की ९,००० हा विचार त्यानंतर सावकाश करता येईल.

आता तुमच्या तक्रारींकडे वळतो. तुम्ही तिन्हींचा दोष एका हबवर ठेवला आहे आणि तिथूनच तुमचा हिशेब चुकू लागला आहे, असे मला वाटते. खरखर, पाय पोकळीत जाणे आणि स्पोक तुटणे ही तीन वेगळी दुखणी आहेत. त्यांतले एकच निखळ हबचे आहे. दुसरे बहुधा गणपतीच्या वेळी झालेल्या सर्व्हिसिंगने दिलेले आहे, आणि तिसऱ्याचा हबशी संबंध जवळजवळ नाही. महागडा हब घेतला असता तर तिन्ही तक्रारी एकदम थांबल्या असत्या, हे खरे. पण त्या थांबल्या असत्या त्या नवा हब चांगला म्हणून नव्हे, तर त्यासाठी सारे चाकच नव्याने बांधले गेले असते म्हणून.

पाय पोकळीत जाण्याचे घ्या. कॅसेट ज्या दंडगोलावर बसते तो फ्रीहब. त्याच्या पोटात बारीक दाते असलेले एक कडे असते आणि त्या दात्यांत अडकणारे छोटे खटके असतात. हे खटके केसाएवढ्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर उभे राहतात. पायडल थांबवल्यावर जी टिकटिक ऐकू येते, ती खटके दात्यांवरून घसरण्याची. पुन्हा पायडल मारले की ते दात्यात रुततात आणि चाक ओढले जाते. आता या खटक्यांभोवती जाड ग्रीस ठासले, तर बिचाऱ्या स्प्रिंगला ते रेटून खटका वेळेवर उभा करता येत नाही. तो अर्धवट टेकतो, जोर आला की निसटतो आणि पुढच्या दात्यावर आपटतो. थंडीत ग्रीस आणखी घट्ट होते. तुम्ही लिहिले आहे की हा प्रकार पहाटे जास्त होतो आणि तो सुरू झाला ग्रीस भरल्यानंतर दोनेक महिन्यांनी, म्हणजे नेमका थंडीच्या सुरुवातीला. चाक न पाहता एवढा नेमका अंदाज बांधण्याची संधी मला क्वचितच मिळते, त्याबद्दल तुमचे आभार. ज्याने ते ग्रीस भरले त्याने चांगल्या हेतूनेच भरले असणार. बेअरिंगला जाड ग्रीस लागते आणि खटक्यांना पातळ तेल किंवा खास पातळ ग्रीस, हा भेद पुष्कळ ठिकाणी पाळला जात नाही.

उपाय साधा आहे. शिमानो पद्धतीच्या हबमध्ये ॲक्सल काढला की फ्रीहब एका पोकळ बोल्टने धरलेला दिसतो. तो बहुतेक वेळा १० मिलिमीटरच्या ॲलन कीने सुटतो. फ्रीहब सबंध बाहेर काढून, न उघडता, रॉकेलमध्ये किंवा डिग्रीझरमध्ये घोळवून, वाळवून, आत पातळ तेलाचे थेंब सोडले की पुष्कळदा तो सुधारतो. तो उघडण्याच्या फंदात मात्र पडू नका, कारण आत मोहरीसारखे कितीतरी छर्रे असतात आणि ते एकदा फरशीवर सांडले की घरातल्या सगळ्यांना कामाला लावतात. तेल देऊनही खटके निसटत असतील, तर ११,००० किलोमीटरनंतर तो फ्रीहब झिजला असे समजून नवा बसवावा. हा सुटा मिळतो आणि त्यासाठी चाक खोलावे लागत नाही.

स्पोकचे दुखणे निराळे. मागच्या चाकात कॅसेटला जागा द्यायची म्हणून उजवीकडचे स्पोक जवळजवळ उभे आणि जास्त ताणलेले असतात, तर डावीकडचे तिरपे आणि ढिले. दोन्हीकडच्या ताणात बरेचदा जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. कारखान्यात यंत्राने बांधलेल्या चाकांत एकाच बाजूच्या स्पोकांचा ताणही सारखा नसतो. जो स्पोक ढिला आहे तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. तार वाकवून-सरळ करून तोडतो तसे काही लाख वेळा झाले, की तो हबच्या कडेजवळच्या वाकणात तुटतो. एक तुटला की मेकॅनिक नवा घालतो, चाकाचा आउट काढण्यासाठी शेजारचे दोन-तीन आवळतो, आणि ताणाची विषमता आणखी वाढते. तुमचे ८८ किलो वजन हा यात गुन्हा नाही. नीट बांधलेले ३२ स्पोकचे चाक त्याहून पुष्कळ अधिक वजन वर्षानुवर्षे वाहते. तीन तुटले म्हणजे त्या बाजूचे बाकीचेही थकले आहेत असे समजावे. उजवीकडचे सगळे स्पोक बदलून, ताण मोजण्याच्या मीटरने सारखा करून घ्यावा, आणि बांधल्यानंतर शे-दोनशे किलोमीटरनी पुन्हा एकदा तपासून घ्यावे. हे काम करणारा हात महत्त्वाचा आहे. स्विस हबवर घाईत बांधलेले चाकही स्पोक तोडते.

राहिली खरखर. हे मात्र हबचेच, आणि यासाठी तो उघडावाच लागेल. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा, चाक काढा, कॅसेट उतरवा. एका बाजूची चेकनट आणि कोन सोडवा. त्यासाठी पातळ कोनपाना लागतो, मागच्या हबला बहुधा १५ मिलिमीटरचा, पुढच्याला १३ चा. ॲक्सल हळूच सरकवला की प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ छर्रे, असे मिळून अठरा दिसायला हवेत. तुमच्या हबमध्ये ग्रीसऐवजी चहाच्या गाळासारखा काळा लगदा निघाला, तर आश्चर्य मानू नका. छर्रे मोजून वाटीत ठेवा, सगळे पुसा आणि कोन खिडकीच्या उजेडात धरा. ज्या पट्ट्यावर छर्रे फिरतात तो आरशासारखा चकचकीत आणि अखंड असेल तर ठीक. त्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले, किंवा नख फिरवताना अडखळले, तर खरखरीचे मूळ सापडले. कोन बदलता येतो, छर्रे बदलता येतात, आणि या दोन्हींचा खर्च एका टायरपेक्षा कमी आहे. कप, म्हणजे ज्या वाटीत छर्रे बसतात ती, खड्डेदार झाली तर मात्र गोष्ट वेगळी, कारण ती हबच्या कवचात कायमची ठोकलेली असते. इथे एक बारकावा तुमच्या फायद्याचा आहे. या घडणीत उजव्या बाजूचा कप हा फ्रीहबचाच भाग असतो. म्हणजे नवा फ्रीहब बसवला की उजवा कपही नवा होतो. हब खऱ्या अर्थाने संपला असे केव्हा म्हणायचे, तर डावा कप खराब झाला असेल तेव्हा.

पुन्हा बसवताना छर्रे नेहमी नवे घाला, जुने पुसून वापरू नका. शेकडा किमतीत ते इतके स्वस्त असतात की कंजुषीला जागाच नाही. ग्रीस पाण्याला दाद न देणारे निवडा. कोन आवळताना बोटांना किंचित ढिलाई जाणवेल इतपतच ठेवा, कारण क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढण्या-बसवण्याची कळ, दाबल्यावर पोकळ ॲक्सल थोडा दाबला जातो आणि ती ढिलाई भरून निघते. बाहेर अगदी बरोबर वाटणारा कोन सायकलवर बसल्यावर जास्त आवळलेला ठरतो, आणि पुष्कळ हब असेच, गाजावाजा न करता मरतात. नव्या सायकलींचे कोनही कारखान्यातून जरा जास्तच आवळून आणि ग्रीसला हात आखडता घेऊन येतात, हे स्वस्त हबांच्या बदनामीचे एक मोठे कारण आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. महागड्या हबसाठी आपण नेमके कशाचे पैसे मोजतो?

दुकानात स्टँडवर चाक फिरवून दाखवतात. महागड्या हबचे चाक मिनिट-मिनिट फिरत राहते आणि आपण गारद होतो. पण त्या चाकावर तेव्हा माणूस बसलेला नसतो. ताशी २५ किलोमीटर वेगाला सायकलचे चाक मिनिटाला जेमतेम २०० फेरे घेते, घरातला छताचा पंखाही याहून जोरात फिरतो. एवढ्या मंद गतीला, शाबूत आणि नीट बसवलेल्या कोणत्याही बेअरिंगमध्ये जाणारी शक्ती इतकी थोडी असते, की टायरची जात आणि हवेचा दाब यांनी पडणारा फरक तिच्या कित्येक पट असतो. सपाटीवर तुम्ही मुख्यतः हवेशी झगडता, चढावर स्वतःच्या वजनाशी. तुमच्या आजच्या खरखरत्या हबने तुम्हाला मागे ओढले असेल, पण म्हणून चांगला हब तुम्हाला पुढे ढकलेल असे होत नाही.

वजनाचेही तसेच. स्वस्त आणि महाग मागच्या हबमध्ये समजा १५० ग्रॅमचा फरक धरला, तर तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून होणाऱ्या सुमारे ९८ किलोंत तो सहाशेवा हिस्साही नाही. तासाभराच्या चढावर पाच-सहा सेकंद वाचतील. शिवाय हे वजन चाकाच्या अगदी मध्यावर असते, त्यामुळे ‘फिरते वजन’ म्हणून रिम आणि टायरच्या बाबतीत जो युक्तिवाद करतात तो हबला लागू पडत नाही. यवतेश्वरला निघताना बाटलीत एक घोट पाणी कमी भरले तरी हिशेब मिटला.

तिसरी जाहिरात असते दात्यांची. पायडल थांबवून पुन्हा मारले की चाक किती अंशांनी पकडते, हे दात्यांवर ठरते: १८ दाते असतील तर जास्तीत जास्त २० अंश, ३६ असतील तर १०, ५४ असतील तर पावणेसात. क्रिस किंगच्या आर-४५ या रोड हबच्या नावातच त्याचे ४५ दाते आहेत, म्हणजे ८ अंश; इंडस्ट्री नाइनच्या हायड्रा हबमध्ये पकडीच्या बिंदूंचा आकडा ६९० पर्यंत गेला आहे. दगडांवरून सायकल उड्या मारत नेणाऱ्याला, एका पायडलचा अर्धा झोका मोलाचा असतो त्याला, हे उपयोगी आहे. पण घाटात तुमचे पायडल अखंड फिरत असते. खटके एकदा धरले की माथ्यापर्यंत सोडतच नाहीत. मग ते १८ दात्यांत धरलेत की ५४, याने काय बिघडते?

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की महाग हब म्हणजे निव्वळ दिखावा. तसे मुळीच नाही. पैसे खरोखर जिथे जातात त्या जागा मात्र दुकानात दाखवता येत नाहीत. पहिली जागा म्हणजे पाणी आणि चिखल अडवणारी सीले, दुसरी म्हणजे कवच आणि बेअरिंगची बैठक यांची अचूक घडण, आणि तिसरी म्हणजे सोपी देखभाल आणि सुट्या भागांची हमी. तुम्हाला सांगितलेला स्विस हब बील गावच्या डीटी स्विसचा असणार. त्यांच्या ३५० आणि पूर्वीच्या २४० या प्रसिद्ध हबांमध्ये खटक्यांऐवजी समोरासमोर बसणाऱ्या दोन दातेरी चकत्या असतात. बाजूची टोपी हाताने ओढली की कोणत्याही पान्याशिवाय त्या बाहेर येतात. पुसायच्या, ग्रीस लावायचे, परत बसवायच्या, पाच मिनिटांचे काम. सगळे दाते एकदम धरतात, म्हणून निसटण्याचा प्रश्नही फारसा उद्भवत नाही. ३५० आणि पूर्वीचा २४० यांचे पोट जवळजवळ सारखे होते आणि किमतीतला फरक मुख्यतः वजनाचा होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे. आता अशा चकत्यांचे हब खूपच कमी किमतीतही मिळू लागले आहेत, त्यामुळे ही रचना श्रीमंतांपुरती राहिलेली नाही.

उलट, कप-कोनची रचना म्हणजे गरिबाघरची, हा समजही काढून टाका. शिमानोने आपल्या सर्वांत वरच्या डुरा-एस हबांतही दशकानुदशके कप-कोनच वापरले. वळणावर येणारा बाजूचा भार ही रचना उत्तम पेलते. तिची अट एकच, कुणीतरी वेळच्या वेळी उघडून बघितले पाहिजे. पेटीबंद बेअरिंगची, म्हणजे छर्रे आतच बंद करून येणाऱ्या बेअरिंगची, अट वेगळी: ती उघडायची नसतात, खराब झाली की ठोकून काढून नवी दाबायची असतात. ‘सील्ड’ लिहिले म्हणजे पाणी शिरतच नाही असे नाही. मी स्वतः एका पावसाळ्यात सायकल मोटारी धुण्याच्या जागी जोरदार फवाऱ्याखाली धुऊन घेतली होती आणि पंधरा दिवसांत दोन्ही ‘सील्ड’ बेअरिंगे गंजून बसली. फवारा हबच्या तोंडावर मारू नका. बादली आणि फडके पुरे.

तुमच्या पत्रातले ‘आयुष्यभर बघायला नको’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. कासच्या पावसात सायकल चालवणाऱ्याला न बघता चालेल असा हब जगात कुणी बनवत नाही. महागडा हब दीर्घायुषी असतो तो याच अर्थाने, की त्याचा प्रत्येक भाग दहा वर्षांनीही बदलता येतो. बदलणारा कोणी जवळ असेल आणि भाग हाताशी असेल, तरच त्या दीर्घायुष्याचा उपयोग. साताऱ्यात बसून एका विशिष्ट कंपनीची चकती किंवा टोपी मागवण्यात दोन आठवडे गेले आणि तेवढ्यात तुमची बीआरएम येऊन गेली, तर त्या हबचे आयुष्य मोठे असून काय उपयोग?

दुसरे म्हणजे तुम्हीच पुढच्या ओळीत डिस्क ब्रेकच्या सायकलीचा मनोदय सांगितला आहे. तुमच्या आजच्या सायकलीचा मागचा हब १३० मिलिमीटर रुंदीचा, क्विक रिलीजचा आणि डिस्क लावण्याची जागा नसलेला आहे. पुढच्या सायकलीला बहुधा १४२ मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटरच्या आरपार ॲक्सलचा डिस्क हब लागेल. टोप्या बदलून काही हब एका मापातून दुसऱ्यात नेता येतात, पण जिथे डिस्क बसवायची जागाच घडवलेली नाही तिथे काही करता येत नाही. म्हणजे ‘आयुष्यभराचा’ हब तुमच्याकडे दोन-तीन वर्षेच राहणार. ४२,००० विरुद्ध जाणारा मला सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा हाच.

सायकलच्या किमतीशी हबच्या किमतीचे प्रमाण हा मात्र मुद्दा नव्हे, आणि त्यासाठी स्वतःला वेडे ठरवू नका. साध्या फ्रेमवर उत्तम चाके हे कितीतरी जाणत्या सायकलस्वारांचे आवडते समीकरण आहे. प्रमाण बघायचेच तर ते वापराशी बघावे. जो वर्षाला दहा हजार किलोमीटर, चारही महिने पावसात, घरापासून दूर चालवतो आणि ४०० किंवा ६०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये मध्यरात्री कुठल्याशा घाटात असतो, त्याला भरवशाची किंमत मोजावीच लागते. तुम्ही तीन वर्षांत ११,००० केलेत, तेही घराच्या टप्प्यात. आणि एखाद्याला ते घडीव ॲल्युमिनियम नुसते बघूनच आनंद होत असेल, तर त्यासाठी पैसे खर्च करायलाही माझी हरकत नाही. घड्याळे लोक वेळ कळावी म्हणूनच घेतात का? फक्त ती आवड आहे हे स्वतःपाशी कबूल करावे, ‘बचत’ किंवा ‘सुरक्षितता’ असे नाव तिला देऊ नये.

तुमच्या जागी मी असतो तर असे केले असते. प्रथम जवळच्या मेकॅनिककडे उभे राहून हब उघडून घेतला असता. डावा कप शाबूत असेल, तर नवे कोन, नवे छर्रे, नवा फ्रीहब आणि उजव्या बाजूचे सगळे स्पोक. मजुरी धरूनही हे मित्राने सांगितलेल्या ९,००० च्या पुष्कळ आत बसते. कप गेला असेल, तर मी तीन हजारांत तसलाच हब टाकून घेतला नसता, कारण त्या रकमेत स्पोक जुने आणि बांधणी घाईची असण्याचीच शक्यता जास्त. तिथे मी मित्राचे ऐकून तैवानी हब घेतला असता, पण नोव्हाटेक असो वा आणखी कोणता, आधी चार गोष्टी पाहिल्या असत्या. छिद्रे ३२ आहेत ना, म्हणजे जुनी रिम वापरता येईल. बेअरिंगवर नेहमीचा क्रमांक आहे ना: ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिलिमीटर, ६००१ म्हणजे १२, २८, ८, आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असल्याची ‘२आरएस’ ही खूण. असे बेअरिंग सायकलच्या दुकानात मिळाले नाही तरी एमआयडीसीजवळच्या बेअरिंगच्या दुकानात मिळते, कारण ते मोटारीत आणि यंत्रांतही लागते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हाच क्रमांक सांगितला की काम होते. फ्रीहब पोलादी मिळतो का, हेही विचारले असते. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण सुटे गिअर त्याच्या कडांत रुतून खाचा पाडतात, आणि मग कॅसेट काढताना हातोडी घ्यावी लागते. इथे जड आणि स्वस्त तेच टिकाऊ, असा उलटा न्याय आहे. शेवटी, फ्रीहब ११ गिअरच्या लांबीचा असेल, तर तुमच्या नऊ गिअरच्या कॅसेटमागे १.८५ मिलिमीटरची चकती लागेल. ती विसरली की कॅसेट डुगडुगते आणि आपण पुन्हा हबला शिव्या देतो.

नवा हब म्हणजे नवे स्पोक, हे गृहीत धरा. हबच्या कडेचा व्यास बदलला की स्पोकची लांबी बदलते, आणि दोन मिलिमीटरची तडजोडही चालत नाही. “जुनेच स्पोक बसतील, साहेब” असे कुणी म्हणाले तर लांबी मोजून दाखवायला सांगा. बीआरएमच्या आधी निदान तीन आठवडे काम उरका. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, सुरुवात बहुधा पहाटे होते, आणि नव्या चाकाचा पहिला लांब प्रवास त्या दिवशी होऊ नये. आधी दोनदा कासला जाऊन या आणि मग ताण तपासून घ्या.

याच कात्रीत सापडलेल्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहितो. दहा-पंधरा हजारांच्या गिअरच्या सायकलींत मागे फ्रीहब नसून हबच्या कवचावर आटे पाडून बसवलेले सात गिअरचे फ्रीव्हील असते. तिथे उजवे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत दडते, ॲक्सलचा बराच भाग आधाराविना लोंबतो, आणि खड्ड्यांतून वा जड माणसाखाली तो वाकतो किंवा मोडतो. शिमानोने १९७८ मध्ये डुरा-एसमध्ये आणलेल्या फ्रीहबने हे बेअरिंग बाहेरच्या टोकाशी नेले आणि ती व्यथा संपवली. तुमच्या सायकलीचा ॲक्सल वर्षात दोनदा मोडला असेल, तर तिसऱ्यांदा ॲक्सल बदलण्याऐवजी कॅसेटचा साधा हब आणि त्यावर बांधलेले चाक घ्या. आपल्याकडे हब बदलण्याचे याहून सबळ कारण मला माहीत नाही. डोंगरवाटांवर डिस्क ब्रेकची सायकल चालवणाऱ्यांना मात्र मी वरच्या दर्जाचा हब घेऊ नका असे म्हणणार नाही: तिथे दाते उपयोगी पडतात, चिखल रोजचा असतो, आणि ती मापे पुढच्या सायकलीतही चालण्याची शक्यता बरी असते.

तुमचा शेवटचा प्रश्न जुन्या चाकांचा. नवी सायकल आल्यावर ती भंगारात देऊ नका. दुरुस्त केलेली जोडी जुन्या फ्रेमसह पावसाळ्यासाठी ठेवा, म्हणजे नवीवर चिखल उडणार नाही. नाहीतर ग्रुपमध्ये विचारा, रिम ब्रेकच्या शाबूत चाकांना अजून गिऱ्हाईक आहे. हब मोडीतच काढायचा झाला, तर क्विक रिलीज, चेकनटा आणि डाव्या बाजूचा चांगला निघालेला कोन एका डबीत ठेवा. पुढच्या चाकाचे छर्रे मात्र वेगळे, तीन-सोळांश इंची, बाजूला दहा. तोही हब तीन वर्षांत कुणी उघडलेला नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. मागच्याबरोबर तोही उघडून घ्या.